रिफर्बिश्ड निकॉन डी७५०: एक परत केला, दुसरा ठेवला

वडिलांच्या कपाटात निक्कोरची ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची, हाताने फोकस करायची एक जुनी लेन्स कित्येक वर्षे पडून होती. तिच्या जोडीचा रीळवाला कॅमेरा केव्हाच मोडीत गेला. लेन्स मात्र त्यांनी टाकू दिली नाही. गेल्या उन्हाळ्यात आवराआवर करताना ती हाती आली, तेव्हा तिची ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याचे भोक लहान-मोठे करण्याची, रिंग अजून टकटक आवाज करत व्यवस्थित फिरत होती आणि टॉर्च धरून पाहिले तर काचेत बुरशीचा मागमूस नव्हता. मला कॅमेरा घ्यायचाच होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले देखावे, मिरवणुकीने निघतात. गिरण्या बंद पडल्या तरी झाँक्या निघायच्या थांबलेल्या नाहीत. दरवर्षी मी मोबाईलवर त्यांचे फोटो काढतो आणि दरवर्षी दिव्यांचे पांढरे लोळ आणि त्यांच्यामागे काळोख, एवढेच हाती लागते. तेव्हा या लेन्सला चालेल असा आणि रात्रीच्या उजेडाला पुरेल असा कॅमेरा पन्नास हजारांच्या आत मिळतो का, असा माझ्यापुढचा प्रश्न होता. त्या पैशांत नवा मिळत नव्हता, म्हणून रिफर्बिश्डचा विचार सुरू झाला.

मॉडेल ठरवायला फार वेळ लागला नाही. निकॉनचे एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवण्याची कडी, १९५९ पासून चालत आलेले असल्यामुळे जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसतात हे खरे; पण बसणे वेगळे आणि काम करणे वेगळे. माझ्या लेन्सच्या प्रकारच्या एआय लेन्सचे ॲपर्चर कॅमेऱ्याला कळायचे, तर बॉडीच्या तोंडाशी एक छोटी सरकती कडी असावी लागते. ती नसेल तर लेन्स बसते, पण उजेड मोजणारा मीटर आंधळा होतो. २०१७ मध्ये आलेल्या डी७५०० मधून निकॉनने ही कडी काढून टाकली. नावात एका शून्याचाच फरक असलेल्या, २०१४ च्या डी७५० मध्ये मात्र ती आहे. शिवाय डी७५० चा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चकती, फुल-फ्रेम म्हणजे रिळाच्या चौकटीएवढा असल्यामुळे ५० ची लेन्स ५० सारखीच दिसते. लहान सेन्सरच्या डी७५०० वर तीच ७५ सारखी वागली असती आणि राजवाड्यासमोरच्या गर्दीत मला मागे सरकायला जागा उरली नसती. २४.३ मेगापिक्सेल, सेकंदाला ६.५ फ्रेम, दोन कार्डांची सोय आणि आयएसओची, म्हणजे उजेडाला संवेदनशीलतेची, १२,८०० पर्यंतची नेहमीची मर्यादा एवढे माझ्या कामाला पुरून उरणारे होते. हे मॉडेल आता नवे विकत मिळत नाही आणि २०२० मध्ये त्याच्या पुढचे डी७८० आले, हेच त्याचा भाव उतरण्याचे कारण आणि हीच माझी संधी.

रिफर्बिश्ड हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. कंपनीने स्वतः परत घेऊन, तपासून, लागेल तो भाग बदलून विकलेला कॅमेरा हा त्याचा एक अर्थ. एखाद्या व्यापाऱ्याने विकत घेऊन, आपल्या कारागिराकडून साफ करून, आपल्याच जबाबदारीवर विकलेला हा दुसरा. आणि कोणीतरी वापरून विकलेला, वरून पुसून खोक्यात घातलेला, हा तिसरा. बाजारात भेटतो तो बहुतेक दुसरा किंवा तिसरा, आणि दोघांच्याही खोक्यावर एकच शब्द छापलेला असतो. म्हणून ‘रिफर्बिश्ड घ्यावा का’ असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, ‘कोणी केलेला?’ कोणता भाग बदलला हे जो विक्रेता सांगू शकत नाही, त्याने कॅमेरा फक्त पुसलेला असतो, असे धरून चालावे.

माल मात्र बाजारात भरपूर आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मोबाईलने छोटे कॅमेरे संपवले आणि मागोमाग लग्नांचे फोटो काढणारे व्यावसायिक आतल्या आरशाने चालणारे डीएसएलआर विकून आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले. त्यांच्या हातून सुटलेल्या बॉड्या आज आपल्यासमोर येतात. ही चांगली बातमी आहे आणि सावधगिरीची सूचनाही आहे, कारण व्यावसायिकाचा कॅमेरा म्हणजे टॅक्सीत चाललेली गाडी.

पहिला कॅमेरा मी ऑनलाइन मागवला. विक्रेत्याचे नाव घेत नाही. ‘उत्तम अवस्था, कमी वापर’ असा दर्जा लिहिलेला होता, फोटो झकपक होते, किंमत ४३,००० रुपये आणि सात दिवसांत परत करण्याची मुभा. ही मुभा नसती तर मी मागवलाच नसता, आणि कोणी मागवू नये. माझा आत्तेभाऊ लग्नांचे फोटो काढतो. तो त्या दिवशी घरी आला होता, त्याने कॅमेरा हातात घेतला, चालू न करताच उलटासुलटा केला आणि म्हणाला, “दादा, हा गेरमध्ये जाऊन आलाय.” मला काही दिसेना. त्याने मागचा हलता स्क्रीन बाहेर ओढला, बिजागरीच्या फटीत दातकोरण्याचे टोक फिरवले आणि पांढऱ्या कागदावर झटकले. कागदावर गुलाबी भुकटी पडली. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याच्या परिसरात यंत्रांनी गुलाल उडवतात तेव्हा काय होते, हे इंदूरकराला सांगायला नको. कॅमेरा कुठल्या शहरातून आला ते मला ठाऊक नाही. रंग इंदूरचाच होता असेही नाही. पण इतकी बारीक भुकटी बिजागरीत शिरते, तेव्हा ती बटणांखाली आणि लेन्स बदलताना आरशाच्या पेटीतही गेलेली असते.

मग आम्ही हळूहळू सगळेच पाहिले. फ्लॅश बसतो त्या हॉट शूच्या दोन्ही पट्ट्यांवरचा काळा रंग पार उडून पितळी धातू दिसत होता, म्हणजे फ्लॅश किंवा ट्रिगर हजारो वेळा सरकवलेला. तळाला ट्रायपॉडच्या प्लेटचे चौकोनी व्रण. उजव्या हाताच्या पकडीचे रबर नवे, डावीकडचे जुने. नव्याच्या कडेला गोंदाची रेघ. ‘रिफर्बिश’ झाले ते एवढेच. शेवटी एक फोटो काढून संगणकावर त्याची एक्झिफ माहिती, म्हणजे फोटोसोबत आपोआप नोंदली जाणारी तांत्रिक माहिती, उघडली. निकॉन प्रत्येक फोटोत शटर किती वेळा उघडले त्याचा आकडा लिहून ठेवतो, हे फार थोड्या ग्राहकांना माहीत असते. तो आकडा होता १,१२,०००च्या वर. डी७५० चे शटर दीड लाख वेळांच्या चाचणीला उतरलेले आहे. दीड लाखाला ते तुटतेच असे नाही, एखादे दोन लाखही जाते. पण यात पाऊण आयुष्य उलटलेले होते आणि जाहिरातीत मात्र ‘कमी वापर’. तिसऱ्या दिवशी कॅमेरा परत पाठवला. पैसे परत यायला सोळा दिवस आणि नऊ फोन लागले. एकदा तर मला असे सुचवण्यात आले की गुलाल मीच घातला असेल.

या आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो पहिल्या मालकाने किती फोटो काढले हे सांगतो, किती वापर केला हे सांगत नाही. व्हिडिओच्या चित्रीकरणात शटर एकदा उघडून बराच वेळ तसेच राहते. सेन्सर तापत असतो आणि मोजणी एकानेही पुढे जात नाही. शटर बदलून आकडा नव्याने सुरू केलेलाही असू शकतो. म्हणून आकडा आणि अंगावरच्या खुणा यांचा मेळ बसतो का, हे पाहावे. वीस हजारांचा आकडा आणि घासून चकचकीत झालेली बटणे एकत्र दिसली, तर आकड्यापेक्षा बटणांवर विश्वास ठेवावा.

दुसरा कॅमेरा मी शहरातल्या एका जुन्या कॅमेरा-दुकानात पाहिला. तो ऑनलाइनपेक्षा साडेतीन हजारांनी महाग, ४६,५०० रुपयांना होता. दुकानदारांनी आढेवेढे न घेता बॉडी समोर ठेवली आणि “चलाके देख लो भिया, जितना देखना है” म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. या एका वाक्याची किंमत साडेतीन हजारांपेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे. मी पाऊण तास घेतला.

डी७५० घेणाऱ्याने सर्वांत आधी कॅमेरा उलटा करावा. या मॉडेलला जन्मापासून दोन दुखणी होती आणि दोन्ही कंपनीने जाहीरपणे मान्य केली. सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत, तीव्र दिवा चौकटीच्या वरच्या कडेशी असला की फोटोत अनैसर्गिक प्रकाशपट्टा उमटत असे. दुसरा दोष शटरचा. २०१५ मध्ये निकॉनने कळवले की काही कॅमेऱ्यांचे शटर नीट चालत नाही आणि फोटोचा काही भाग झाकला जातो. पुढे या सूचनेचा व्याप आणखी कॅमेऱ्यांपर्यंत वाढवला. दोन्हींची दुरुस्ती कंपनीने विनामूल्य केली. आपल्या हातातला कॅमेरा त्यांत मोडतो का, हे अनुक्रमांकावरून तपासता येते. प्रकाशपट्ट्याची दुरुस्ती झालेल्या कॅमेऱ्याची खूण मला फार आवडली: ट्रायपॉडचा स्क्रू बसतो त्या भोकाच्या आत एक काळा ठिपका. मोबाईलचा टॉर्च धरून पाहिले तेव्हा तो ठिपका दिसला. दुकानदारांना त्याची माहिती नव्हती. त्यांनीही वाकून पाहिले आणि आतून आणखी एक डी७५० आणून त्याचाही तळ पाहिला. त्याला ठिपका नव्हता. अर्थात ठिपका नसणे म्हणजे दोष असणे नव्हे, नंतरच्या काळात बनलेल्या कॅमेऱ्याला त्याची गरजच नव्हती. पण तिथे अनुक्रमांक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. शटरच्या सूचनेसाठी माझ्या कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही मी दुकानात उभ्या उभ्या तपासून घेतला.

मग सेन्सर. दिवस श्रावणातले होते आणि आभाळ एकसारखे राखाडी, जे या चाचणीला निळ्या आभाळापेक्षाही चांगले. दुकानाच्या दारात उभे राहून ॲपर्चर एफ/२२, फोकस अनंतावर, आणि आभाळाचा फोटो. छोट्या ॲपर्चरला सेन्सरवरचा प्रत्येक कण ठिपका होऊन उमटतो. पूर्ण मोठा करून पाहिला तर सात ठिपके मोजता आले. रबरी ब्लोअरने हवा मारल्यावर पाच गेले, दोन वरच्या डाव्या कोपऱ्यात तसेच राहिले. ब्लोअरने न जाणारा ठिपका तेलाचा असू शकतो किंवा ओरखडा असू शकतो, आणि या दोहोंत साफसफाई आणि नवा सेन्सर एवढा फरक आहे. दुकानदारांनी कारागिराला बोलावले. फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो हे त्याला सांगावे लागले नाही. त्याने पातळ पट्टीला द्रवाचे दोन थेंब लावून सरळ खालच्या कडेवरून एकदाच फिरवली आणि ठिपके गेले. मी तिथेच थांबलो नाही. लागोपाठ दोनशेएक फोटो काढले आणि पुन्हा आभाळ टिपले. शटरमधून तेल उडत असेल तर एवढ्या फटक्यांत नवे डाग दिसू लागतात. दिसले नाहीत. शेजारचे एक गिऱ्हाईक मला वेडा समजून पाहत होते.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकल्या. झाकण लावून, आयएसओ ३२०० वर तीस सेकंदांचा फोटो: तीन-चार रंगीत ठिणग्या, दहा वर्षांच्या सेन्सरला माफ. दोन्ही कार्डांच्या खाचा, फ्लॅश, यूएसबी, सगळी बटणे ठीक. शटरचा आकडा ३८,६१४, आणि हॉट शूचा रंग शाबूत, म्हणजे मेळ बसला. फोटोच्या माहितीतला अनुक्रमांक आणि बॉडीवरचा अनुक्रमांक एकच. बॅटरी मात्र थकलेली निघाली. डी७५० च्या मेनूत बॅटरीची माहिती असते आणि तिचे वय ० ते ४ असे दाखवले जाते. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलायला झालेली. हिचे ३ होते. ते दाखवल्यावर १,५०० रुपये कमी झाले. ही सोय मेनूत असूनही बहुतेक लोक बॅटरीची टक्केवारी पाहून समाधान मानतात. पूर्ण चार्ज झालेली म्हातारी बॅटरीही शंभर टक्केच दाखवते.

बिलावर मी दोन गोष्टी हाताने लिहवून घेतल्या: अनुक्रमांक, आणि सहा महिन्यांच्या हमीत शटर व सेन्सर समाविष्ट असल्याचे शब्द. नुसत्या ‘सहा महिने वॉरंटी’ला अर्थ नाही, कारण वाद नेमका या दोन भागांवरून होतो. पक्के बिल आणखी एका कारणाने हवे. हरवलेला मोबाईल आयएमईआय क्रमांकावरून बंद करण्याची सरकारी व्यवस्था आहे. कॅमेऱ्यासाठी तशी काही नाही. चोरीचा माल गळ्यात पडला तर आपण तो प्रामाणिकपणे घेतला हे दाखवायला हातात बिलच असते. ऑनलाइन विक्रेत्याच्या वेळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लिहून ठेवला होता, तो लावायची पाळी आली नाही.

आता वापराबद्दल. वडिलांची लेन्स बसवून मेनूमध्ये तिची माहिती, ५० आणि १.८, एकदा भरली की मीटर नीट चालतो. फोकस हाताने करायचा, आणि तो साधला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो. पहिल्या रविवारी सकाळी राजवाड्यासमोर गेलो. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी अशी ही होळकरांची वास्तू फोटोला अवघड आहे, कारण सकाळचे ऊन वर असते तेव्हा कमानीखाली अंधार असतो. आयएसओ १०० वर काढलेल्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या फाइलमध्ये, कमानीतला काळोख उजळवत नेला, तर आतल्या दाराचे खिळेसुद्धा मोजता आले आणि वरचे आभाळ फाटले नाही. याच शहरात बांधकाम खात्यात नोकरी करताना, पुढे नामांकित छायाचित्रकार झालेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, हे त्या वेळी सहज आठवले. त्यांना काचेच्या प्लेटवर सावल्या आणि ऊन एकत्र सांभाळताना काय कष्ट पडले असतील, हे संगणकावर पट्टी सरकवताना कळत नाही.

अनंत चतुर्दशीला आयएसओ ६४०० वर, एफ/२.८ ला, सेकंदाच्या १/१२५ भागात झाँक्या काढल्या. फोटोत बारीक दाणा दिसतो, पण चेहरे चेहऱ्यांसारखे दिसतात आणि दिव्यांच्या माळांतला एकेक दिवा वेगळा राहतो. गर्दीत धक्के खात हाताने फोकस करताना तीनांतला एक फोटो साधला. तो दोष लेन्सचाही नव्हता आणि कॅमेऱ्याचाही नव्हता.

तक्रारी आहेत. बॅटरी आणि कार्डासह बॉडी ८४० ग्रॅमची आहे. मिरवणुकीत पाच तास गळ्यात अडकवल्यावर मान दुसऱ्या दिवशी बोलते. फोकसचे ५१ बिंदू आहेत, पण ते चौकटीच्या मध्यभागी घोळका करून बसले आहेत. स्क्रीनवर पाहून फोटो काढायला गेलात तर ऑटोफोकस इतका रेंगाळतो की मोबाईल बरा वाटावा, आणि व्हिडिओ फुल एचडीच्या पुढे जात नाही. माझी पुतणी रीळ बनवते, म्हणजे मोबाईलवरची, वडिलांच्या कॅमेऱ्यातली नव्हे. तिने दहा मिनिटांत कॅमेरा परत दिला आणि म्हणाली, “काका, हा तुम्हालाच शोभतो.” तिचे बरोबर आहे. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल, किंवा घरात निकॉनची एकही जुनी लेन्स नसेल, तर थोडे पैसे साठवून नवा छोटा मिररलेस कॅमेरा लेन्ससकट घ्यावा. नव्याची कंपनीची हमी आणि हलके वजन यांना मोल आहे. फुल-फ्रेम बॉडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि मग तिला शोभणाऱ्या लेन्सवर बॉडीच्या दुप्पट खर्च झाला, अशी दोन उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत.

माझा एकूण खर्च असा झाला: बॉडी ४५,००० रुपये, आणि नवी मूळ कंपनीची बॅटरी, ब्लोअर व सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा मिळून आणखी पाच हजारांच्या आत. डबा चैनीचा नाही. इंदूरच्या पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत ठेवली की दोन वर्षांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. आठ महिन्यांत शटरचा आकडा ४५,००० च्या पुढे गेला आहे. हमी संपायच्या आठवड्यात मी पुन्हा एकदा दुकानाच्या दारात उभा राहून एफ/२२ ला आभाळ टिपले. एकच ठिपका होता, ब्लोअरने गेला. ठिपका नसलेला तो दुसरा डी७५० अजून त्यांच्या काचेच्या कपाटात होता. मी अनुक्रमांकाबद्दल विचारले, तर दुकानदार म्हणाले की कंपनीकडे चौकशी केली आहे, उत्तर आल्याशिवाय विकणार नाही.